दृष्टी कमी असलेल्या माणसाचं घर आणि वाट सुरक्षित करताना: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

घरात कुणाची दृष्टी गेली किंवा फार कमी झाली की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी होतात. एक जण बोलणारं घड्याळ मागवतो आणि दुसरा फर्निचर सरकवून ‘मोकळी जागा’ करतो. दोन्ही चांगल्या मनानेच केलेलं असतं, पण वेळ चुकलेली असते.

मीही हेच केलं होतं. काचबिंदूने आईची नजर आकसत गेली तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी मी बाहेरच्या खोलीतलं जड टेबल उचलून भिंतीला लावलं. आई त्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत स्वयंपाकघराकडे वळायची, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. दुपारी ती खोलीच्या मधोमध येऊन थांबली, उजवा हात हवेत चाचपत. “टेबल कुठे गेलं रे?” मला अडगळ वाटणारी ती वस्तू तिची वाटाडी होती.

म्हणून खाली दिलेला क्रम पाळा. आधी माहिती, मग घरातल्या इतरांच्या सवयी, मग हाताला वळण, मग वाट, उजेड, स्वयंपाकघर, औषधं आणि शेवटी रस्ता. खरेदी यातल्या कुठल्याच टप्प्याचं पहिलं काम नाही.

टप्पा १: तीन दिवस काहीही हलवू नका

एक वही घ्या आणि त्या व्यक्तीबरोबर बसा. तिच्याबद्दल इतरांना विचारू नका, तिलाच विचारा. पहिला प्रश्न: काय आणि कसं दिसतं? दृष्टिबाधित म्हणवल्या जाणाऱ्या बहुतेकांना थोडंफार दिसत असतं, आणि प्रत्येकाचं ‘थोडंफार’ वेगळं असतं.

काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा (डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार) असेल तर कडेचं दिसणं आधी जातं. असा माणूस समोरचं बारीक अक्षर वाचेल, पण पायाजवळच्या बादलीला अडखळेल. नातेवाईक मग म्हणतात, “वाचता येतं, मग बादली कशी दिसत नाही?” नाही दिसत. रेटिनायटिसमध्ये अंधारात तर फारच कमी दिसतं. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये (पडद्याच्या मध्यभागाची झीज) उलटा प्रकार: मधलं पुसट, कडेचं शाबूत. तो घरभर सहज फिरेल, पण औषधाच्या बाटलीवरचं नाव त्याला वाचता येणार नाही. मोतीबिंदूत सगळंच धुरकट दिसतं आणि समोरून आलेल्या उजेडाने डोळे दिपतात. यातलं कुठलं लागू आहे ते कळल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही, कारण एकाला मदत करणारा दिवा दुसऱ्याला आंधळं करतो.

वहीत तीन याद्या करा. कुठे धडक बसते किंवा पाय अडतो, आणि कुठल्या वेळी. कुठे थांबून विचार करावा लागतो. आणि हात किंवा पाय कशाच्या आधाराने दिशा धरतात: टेबलाची कड, चटईचा बदललेला स्पर्श, फ्रिजची घरघर, खिडकीतून येणारी झुळूक. ही तिसरी यादी लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची. त्या यादीतली कुठलीही गोष्ट तिला विचारल्याशिवाय हलवायची नाही.

*तपासा:* चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह आहे का? पायरी उतरताना माणूस भिंगाच्या खालच्या भागातून बघतो आणि तो भाग जवळचं वाचायला केलेला असतो, त्यामुळे पायरीची कड पुसट होते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा चालेल का, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा.

जाता जाता एक. दृष्टी बरीच कमी झालेल्या काहींना नसलेली माणसं, नक्षी, जाळ्या दिसतात. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. हे वेड नव्हे, पण घाबरून माणूस तोंड उघडत नाही. पायरीवर नसलेली नक्षी दिसत असेल तर तोल जाऊ शकतो, म्हणून हा प्रश्न तुम्हीच हलकेच काढा आणि डॉक्टरांना सांगा.

टप्पा २: घरातल्या डोळसांना शिस्त लावा

हा टप्पा फुकटचा आहे आणि म्हणूनच सगळे तो टाळतात. घरातल्या बहुतेक अपघातांमागे एखादी वस्तू नसते, तिची बदललेली जागा असते. नेहमीच्या जागी असलेली खुर्ची पाठ झालेली असते. तीच वीतभर बाहेर ओढून ठेवली की नडगीवर बसते.

सुरुवात दारांपासून. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद. अर्धवट उघडं दार घरातली सगळ्यांत वाईट गोष्ट आहे. दोन्ही हात पुढे करून चालणाऱ्या माणसाचा एक हात दाराच्या अलीकडून जातो, दुसरा पलीकडून, आणि मधली अरुंद कड थेट कपाळावर येते. हातांना काहीच लागत नाही, म्हणून वेगही कमी होत नाही. कपाटांची दारं, डोक्याच्या उंचीवरच्या फडताळांची दारं, बाहेर राहिलेले ड्रॉवर, डिशवॉशरचं खाली पडलेलं झाकण, सगळ्यांना हाच नियम.

उठल्यावर खुर्ची आत सरकवायची. चपला, पिशव्या, बादल्या, चार्जरच्या वायरी चालण्याच्या वाटेत ठेवायच्या नाहीत, ‘दोनच मिनिटं’ सुद्धा नाही. ओली फरशी असेल तर तोंडाने सांगायचं. वापरलेली वस्तू त्याच जागी, त्याच दिशेने परत ठेवायची.

बोलण्याचीही शिस्त लागते. खोलीत आल्यावर ‘मी आलोय’ आणि निघताना ‘मी जातोय’ म्हणायचं. हवेशी गप्पा मारत बसण्याची नामुष्की तर वाचतेच, शिवाय तुम्ही जवळ आहात असं समजून तिने हात पुढे केला आणि तिथे कुणीच नसलं तर तोल जातो, तोही टळतो. ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘ते बघ तिथे’ हे शब्द टाका. ‘तुझ्या उजव्या हाताला, कोपराच्या अंतरावर’ म्हणा.

घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर गळ्यात घुंगरू बांधा.

*सावध:* घाईत ओरडून ‘अगं, सांभाळ!’ म्हणू नका. काय सांभाळायचं ते कळत नाही आणि माणूस बिचकून नेमका चुकीच्या बाजूला पाऊल टाकतो. ‘थांब’ म्हणा. तो थांबल्यावर कारण सांगा.

*तपासा:* आठवडाभर रोज झोपण्यापूर्वी घरातून एक फेरी मारा आणि अर्धवट उघडी दारं मोजा. आकडा शून्यावर येईपर्यंत पुढच्या टप्प्याची घाई नको.

टप्पा ३: हाताला वळण

हे तंत्र मोबिलिटी ट्रेनरकडून, म्हणजे दृष्टिबाधितांना सुरक्षित चालणं-फिरणं शिकवणाऱ्याकडून, शिकणं सर्वांत उत्तम. तो मिळेपर्यंत घरात या चार गोष्टी रोज दहा मिनिटं कराव्यात, आणि दृष्टी कमी असलेल्या व्यक्तीनेच त्या स्वतः कराव्यात.

१. भिंतीचा माग धरणं. भिंतीकडचा हात कमरेच्या उंचीवर, शरीराच्या थोडा पुढे. बोटं किंचित वळवलेली आणि भिंतीला बोटांची पाठ टेकलेली. बोटांची टोकं पुढे ताणून चाललं तर चौकटीत अडकून ती मुरगळतात.

२. डोक्याचं रक्षण. एक हात खांद्याच्या उंचीवर, कोपरात वाकवून शरीरासमोर आडवा, तळवा बाहेर. कपाटाची कड आधी हाताला लागते. चेहरा वाचवायचा असेल तिथे हाच हात आणखी वर घ्यायचा.

३. खालचं रक्षण. दुसरा हात पोटाखाली तिरका, शरीरापासून वीतभर पुढे. टेबलाचे कोपरे याने कळतात.

४. वाकणं. पडलेली वस्तू उचलताना कमरेतून वाकू नये. गुडघ्यांत बसावं, एक हात चेहऱ्यासमोर धरून. बहुतेक जण इथेच फसतात आणि टेबलाची कड कपाळावर घेतात. वस्तू पडल्यावर आधी तिचा आवाज थांबेपर्यंत ऐकावं, आवाजाकडे तोंड करावं, मग बसून तळवा जमिनीलगत छोट्या वर्तुळात फिरवत बाहेर बाहेर यावं.

टप्पा ४: वाट मोकळी करा, आधी खालची आणि मग वरची

आता वस्तू हलवायची परवानगी आहे, पण तिसरी यादी हातात ठेवून.

बिछाना ते बाथरूम ही वाट पहिली घ्या, कारण तिथे रात्री, झोपेत, घाईत चाललं जातं. त्यानंतर स्वयंपाकघर, मग बाहेरचं दार. पायपुसणी आणि सैल गालिचे काढून टाका. एखादं खूण म्हणून हवंच असेल तर चारी कडा चिकटवा. वायरी भिंतीलगत पक्क्या करा.

मग वरचं बघा. पांढरी काठी कमरेच्या खालचं सांगते. छातीच्या आणि डोक्याच्या उंचीवरचं तिला कळत नाही. भिंतीतून पुढे आलेलं शेल्फ, बाहेर उघडणारी खिडकी, टांगलेली कुंडी, जिन्याखालचा तिरका भाग यांवर काठी कधीच लागत नाही, कारण खाली जमीन मोकळीच असते. असं काही हलवता येत नसेल तर त्याच्या बरोबर खाली जमिनीवर एखादी जड पेटी किंवा कुंडी ठेवा. काठी तिला लागते आणि माणूस वळसा घालतो. अडथळ्याखाली मुद्दाम दुसरा अडथळा ठेवायचा हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, पण ते काम करतं.

जिन्याला जास्त वेळ द्या. प्रत्येक पायरीच्या कडेवर साधारण पाच सेंटिमीटर रुंद, पायरीच्या रंगाहून एकदम वेगळी, न घसरणारी पट्टी लावा. पट्टी अगदी कडेलाच हवी. ती दोन बोटं आत सरकली तर डोळा तिलाच कड समजतो आणि पाऊल हवेत पडतं. फक्त पहिल्या आणि शेवटच्या पायरीलाच पट्टी लावली तर मधल्या पायऱ्या एकसंध उतारासारख्या दिसतात. कठडा पायऱ्या संपल्यावरही सुमारे ३० सेंटिमीटर पुढे सरळ गेलेला असावा. हात सपाट झाला की पायऱ्या संपल्या, हे पायाआधी हाताला कळतं. कठडा शेवटच्या पायरीआधीच संपत असेल तर ती पायरी कधी ना कधी पाडणारच.

*तपासा:* डोळे बांधून नव्हे, तर गुडघ्यांवर रांगत ही वाट तुम्ही एकदा पार करा. डोळे बांधून चालल्यावर भीतीच फार वाटते, शिकायला थोडंच मिळतं. रांगताना मात्र टोकं, खिळे, सुटलेल्या फरश्या दिसतात.

टप्पा ५: उजेड आणि रंग

अजून थोडी दृष्टी असलेल्यांसाठी हा टप्पा आहे. मोठा दिवा म्हणजे चांगला दिवा, ही चूक जवळपास प्रत्येक घरात होते. उघडा प्रखर बल्ब डोळ्यांत घुसतो आणि चकचकीत फरशीवर त्याचा कवडसा पडतो, तो पाण्याच्या थारोळ्यासारखा दिसतो. दिव्याला झाकण हवं, उजेड सगळीकडे सारखा हवा. खोली लख्ख आणि बोळ काळोखा असेल तर बोळात शिरल्यावरची काही पावलं डोळ्यांना काहीच दिसत नाही. वाचायचा दिवा डोळ्यांच्या पातळीखाली, बाजूने, कागदावर पडणारा असावा.

रंग फार नकोत, एकमेकांवर उठणारे हवेत. पांढऱ्या फरशीवरचं पांढरं कमोड दिसत नाही, गडद रंगाची सीट बसवली की दिसतं. दाराची चौकट, बटणांची पट्टी, आधाराचे दांडे पार्श्वभूमीहून वेगळे असू द्या. दूध गडद कपात, कॉफी पांढऱ्या कपात. नक्षीदार चादरी आणि टेबलक्लॉथ काढा, त्यात चमचा हरवतो. काचेच्या दारावर डोळ्यांच्या आणि कमरेच्या उंचीवर ठळक पट्टे लावा.

टप्पा ६: आग, वाफ, गरम पाणी

स्वयंपाकघरातून त्या माणसाला हद्दपार करणं हा उपाय नाही. तो कधीतरी एकटा असेल आणि भूक लागली की सराव नसलेल्या हातांनी शेगडी पेटवेल. त्यापेक्षा क्रम शिकवा.

१. बाह्या वर किंवा घट्ट, ओढणी-स्कार्फ बाजूला.

२. भांडं आधी बर्नरवर, मधोमध आहे का ते थंड असतानाच हातांनी चाचपून. आच त्यानंतर.

३. दांडा बाजूला वळवलेला. पुढे आलेला दांडा धक्क्याने उलटतो आणि दुसऱ्या बर्नरवर गेलेला दांडा तापतो.

४. भांडं उतरवण्याआधी आच बंद. बंद झाली की नाही हे नॉबच्या खुणेवरून बोटाने तपासायचं.

५. झाकण उघडताना ते पलीकडे कलवायचं, म्हणजे वाफ चेहऱ्यापासून दूर जाते. हातमोजे कोपरापर्यंतचे घ्या. मनगटापर्यंतचे असतील तर ओव्हनची वरची जाळी नेमकी त्यांच्या वर भाजते.

नॉबवर उठावाचा एक ठिपका आणि चौकटीवर ‘बंद’च्या जागी एक, एवढंच पुरे. उत्साहात दहा ठिपके लावले की बोट गोंधळतं आणि एकही खूण उपयोगाची राहत नाही.

गरम पाणी ओतताना कप ट्रेमध्ये किंवा बेसिनमध्ये ठेवा. किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून ओता. कप भरत जातो तसा आवाज बारीक, वरच्या पट्टीत जातो, तो कानाला सरावाने ओळखू येतो. काठावर अडकवायचं बीप वाजणारं छोटं यंत्रही मिळतं. बोट बुडवून पातळी बघणं फक्त थंड पेयासाठी.

आंघोळीला नेहमी थंड नळ आधी आणि तोच शेवटी बंद. गीझरचं तापमान ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असू द्या. ६० अंशांच्या पाण्याने साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं, आणि नॉब चुकीच्या बाजूला फिरला हे कळून तो परत फिरवायला कधी कधी तेवढाच वेळ लागतो.

*सावध:* साबणाच्या पाण्यात सुरी कधीच सोडायची नाही. धुतली, पुसली, जागेवर ठेवली, हे एकाच दमात. पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही, आच बंद करून झाकण ठेवायचं. म्हणून तळताना झाकण आधीपासूनच हाताशी हवं. प्लग खोचताना भोक बोटाने शोधायचं नाही. बटण बंद करायचं आणि प्लगच्या मागच्या भागाला धरून कडेच्या अंदाजाने खोचायचं.

टप्पा ७: बाटल्या आणि औषधं

डोळ्यांच्या थेंबांची बाटली आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी बाटली हातात घेऊन डोळे मिटा. आकार जवळपास तोच, टोपी तशीच, दाबल्यावर थेंबही तसाच. डोळ्यांत गोंद गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत अनेकदा नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातले बरेच लोक चांगले डोळस होते. म्हणून पहिला नियम खुणेचा नाही, जागेचा आहे: औषधं एका खोलीत; गोंद, साफसफाईची रसायनं आणि कीटकनाशकं दुसऱ्या खोलीत. डोळ्यांचे आणि कानांचे थेंबही एका खणात नकोत.

मग खुणा. सकाळच्या औषधाला एक रबरबँड, रात्रीच्याला दोन. खूण बाटलीला करा, टोपणाला नको. टोपणं बदलतात. कोणती खूण कशाची हे लिहून किंवा फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि घरातल्या आणखी एकाला पाठ असू द्या. नवी पट्टी आणली की जुनीशी आकार ताडून बघा, कारण कंपनी बदलली की गोळीचा आकारही बदलतो.

फोनवरची सीइंग एआय, लुकआउट ही ॲप छापील मजकूर मोठ्याने वाचतात, बी माय आइजवर व्हिडिओ कॉलवर स्वयंसेवक बघून सांगतात. पाकीट ओळखायला ती उत्तम आहेत. पण गोल बाटलीवर, चुरगळलेल्या पट्टीवर किंवा ठिपक्यांनी छापलेल्या मुदतीच्या तारखेवर यंत्र चुकतं. मात्रा ठरवायला केवळ त्यावर विसंबू नका. इन्सुलिन पेनचे ‘टिक टिक’ मोजून डोस घेण्याची सवय असेल तर ती आजच मोडा. सुरक्षित पद्धत डॉक्टर किंवा परिचारिकेकडून शिकून घ्या.

*सावध:* कुठलंही रसायन पाण्याच्या किंवा पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतायचं नाही. ब्लीच आणि ॲसिड शेजारी ठेवायचं नाही, दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू होतो.

टप्पा ८: उंबऱ्याबाहेर

आधी बरोबरच्या माणसाने शिकायचं. दंड धरून पुढे ढकलू नका. तुमचा हात खाली सोडा, त्यांना तुमच्या कोपराच्या जरा वर धरू द्या, ते तुमच्या अर्धं पाऊल मागे राहतील. तुमचं शरीर वळलं, चढलं, थांबलं की त्यांना हाताने कळतं. अरुंद जागी तो हात पाठीमागे न्या, ते आपोआप तुमच्या मागे येतील. पायऱ्यांपाशी थांबा आणि ‘चढ’ की ‘उतार’ ते सांगा. खुर्चीवर बसवताना खांदे दाबू नका, त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा.

काठी उभी धरल्यावर साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत यावी. ती दोन्ही खांद्यांच्या थोडी बाहेरपर्यंत फिरते. उजवं पाऊल पुढे पडताना टोक डावीकडे असतं, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासून झालेली असते. ही लय उलटी बसली तर काठी फिरत राहते आणि पाय न तपासलेल्या जागी पडतो. नवशिक्यांची ही सगळ्यांत सामान्य चूक. फांद्यांसाठी पुढे झडप असलेली टोपी आणि चष्मा वापरा.

पायाखालच्या उठावाच्या फरशांवर लांब पट्टे म्हणजे चालत राहा, गोल ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. रस्ता ओलांडताना पाऊस, जोराचा वारा किंवा जवळचं यंत्र गाड्यांचा आवाज गिळत असेल तर ओलांडू नका, मदत मागा. इलेक्ट्रिक गाड्या हळू वेगात जवळपास मुक्या असतात. युरोपीय संघात २०२१ पासून सगळ्या नव्या इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींना ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे, पण जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच.

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला म्हणून पाऊल टाकायचं नाही, काठीने आत जमीन लागली पाहिजे. आगगाडीचंही तेच. दोन डब्यांमधली फट हाताला उघड्या दारासारखीच लागते. डब्याची भिंत, मग पोकळी, मग पुन्हा भिंत. काठी आत घालून डब्याचा तळ लागला तरच ते दार. सरकत्या जिन्यावर आधी कठड्याला हात लावा, तो कुठल्या दिशेने जातोय ते कळतं, पाऊल त्यानंतर.

टप्पा ९: दर तीन महिन्यांनी

काठीचं टोक झिजलं का, पायऱ्यांच्या पट्ट्यांच्या कडा सुटल्या का, धुराच्या अलार्मची बॅटरी चालते का, हे बघा. आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट दिवे घालवून सगळ्यांनी एकदा चालून घ्या. धुरात डोळसांनाही दिसत नाही आणि ही वाट सगळ्यांत चांगली ज्याला पाठ आहे, त्यालाच पुढे ठेवा. दृष्टी आणखी बदलली असेल तर पहिल्या टप्प्यातली वही पुन्हा उघडा, नव्या पानावर. पाहुणे येणार असतील तर दारांचा नियम त्यांना आत येतानाच सांगा.